वैयक्तिक आहार निवड समितीचे तेरा आठवडे

मधुमेह माणसाला एकट्याला होतो, पण त्याने काय खावे याबद्दलचे मत त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला त्याच दिवशी होते. याला कोणी संसर्ग म्हणत नाही, आपुलकी म्हणतात, आणि तेच योग्य आहे. ज्या घरात आजारी माणूस स्वतःच्या ताटाचा निर्णय स्वतः घेतो, त्या घरात माणुसकी उरली आहे की नाही याची चौकशी व्हायला हवी. आमच्या घरात तशी वेळ आली नाही.

सुरुवातीलाच एक सांगते. माझा रोजचा एक नेम आहे. संध्याकाळी दिवा लावण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल एक तरी चांगले वाक्य मनात म्हणायचे. गेली एकोणीस वर्षे तो चुकलेला नाही. (काही दिवशी दिवा लावायला उशीर झाला, ही गोष्ट वेगळी.) पुढचे लिखाण त्या नेमातच धरावे.

आमचे हे घड्याळे दुरुस्त करतात. दुकान सहा फूट बाय चार. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरा कागद, म्हणजे पडलेला स्क्रू दिसावा. एकतीस वर्षांत कागदावर फार स्क्रू पडले नव्हते. मग एका महिन्यात बरेच पडले. सेकंदकाट्याशेजारी यांना दुसरा सेकंदकाटा दिसू लागला. तीन गिऱ्हाइकांना यांनी "पार्ट मिळत नाही" म्हणून घड्याळे परत दिली. हे त्यांनी मला जेवताना सांगितले, मान वर न करता. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. यांनी गिऱ्हाइकाशी खोटे बोलल्याचे मी प्रथमच ऐकत होते.

चौथे घड्याळ मात्र परत देता आले नाही, कारण गिऱ्हाईक ते घेईना. ते गल्लीतल्या म्हाताऱ्या नर्सबाईंचे होते. चाळीस वर्षे त्यांनी त्याच घड्याळावर लोकांच्या नाड्या मोजल्या होत्या. पार्ट मिळत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मिळेल तेव्हा बसवा. मला कुठे वॉर्डावर जायचंय आता." आणि निघून गेल्या. घड्याळ काचेच्या झाकणाखाली उघडे पडून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी आठ पूर्णांक नऊ निघाली. गोळी लिहून दिली, वीस मिनिटे शांतपणे समजावले की कशाने साखर चढते आणि कशाने चढत नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "वेळेत खाली आली तर ही धूसर नजर निवळेल. नाही आली तर आतल्या पडद्यावर जाईल, आणि तिथे तुमचं भिंग काही कामाचं नाही. आता एकच आहार सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्हाला काय जमेल ते तुमचं तुम्ही ठरवा. एका कागदावर लिहा आणि तेवढंच पाळा. तीन महिन्यांनी या."

यांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या पावतीच्या मागे चार ओळी लिहिल्या:

भात, पोळी निम्मी. डाळ, भाजी दुप्पट.
चहा बिनसाखरेचा. रविवारी सकाळी एक कप साखरेचा.
दोन जेवणांच्या मध्ये तोंड बंद.
रोज चालणे.

(कुठे चालणे, ते लिहिले नव्हते. ज्याचे दुकान घराच्या जिन्याखाली आहे त्याला जायला जागाच नसते.)

मी त्या चिठ्ठीची नक्कल करून डब्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मूळ चिठ्ठी यांनी थोरल्या दिरांना दाखवली. यात यांची चूक नाही. आमच्याकडे थोरल्या दिरांनी वाचल्याशिवाय कशाचाच निर्णय होत नाही, तोवर तो केवळ विचार असतो.

थोरले दीर एका मोठ्या कार्यालयात अभिलेख विभागाचे प्रमुख होते. चार वर्षांपूर्वी त्यांना निवृत्तीचा आदेश पोहोचला. निवृत्ती अजून पोहोचायची आहे. त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटली, मागच्या बाजूला छापलेले "गिऱ्हाइकाचे नाव, घड्याळाचा प्रकार, बिघाड" हेही वाचले, आणि त्या बाजूने त्यांचे अधिक समाधान झाले, कारण तिला रकाने होते. मग चष्मा काढून म्हणाले, "ही वैयक्तिक बाब आहे. म्हणूनच ती एकट्यावर सोडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक आहार निवड समिती स्थापन झाली. चिठ्ठीवर "आवक क्रमांक एक" असा शिक्का मारून ती फाइलीत सर्वांत खाली लावण्यात आली. विहित नमुन्यात नसणे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या नसणे, असे दोन दोष तिच्यावर लाल शाईने नोंदवले गेले.

समितीत सात सदस्य होते: अध्यक्ष म्हणून थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, वन्सं, मामा, धाकटे दीर, जे व्यायामशाळेत जातात, शेजारचे विमा एजंट, ज्यांना सगळ्यांचे आयुष्य किती उरले आहे याची व्यावसायिक कल्पना असते, आणि पट्टीबाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, ज्यांनी गल्लीतल्या निम्म्या लोकांना लहानपणी पट्टीने मारले आहे. मलाही घ्यावे असे वन्संनी सुचवले होते. त्यावर स्वयंपाक ही अंमलबजावणी आहे, धोरण नव्हे, असा खुलासा झाला. मला तो पटला. धोरण ठरवणाऱ्याला भांडी घासावी लागत नाहीत, एवढा फरक मी स्वतः पाहिलेला होता.

कार्यपद्धती अशी ठरली.

बैठक दर आठवड्याला, आमच्याच घरी. बैठकीची सूचना प्रत्येक सदस्याला हातात द्यायची आणि पोच म्हणून सही घ्यायची. फोन चालणार नाही. (थोरले दीर: "फोनवर सांगितलेलं ऐकलेलं असतं, मिळालेलं नसतं.") सूचनेनंतर सूचनेचे शुद्धिपत्रक, बैठकीनंतर इतिवृत्त, इतिवृत्तानंतर इतिवृत्ताचे शुद्धिपत्रक. म्हणजे आठवड्याला चार फेऱ्या. विषय ज्याचा, वाटपाची जबाबदारी त्याची, हा कार्यालयातला जुना नियम होता, म्हणून कागद पोहोचवण्याचे काम यांच्याकडे आले. सदस्यांची सहाही घरे सहा दिशांना नव्हती, पण दिशा पुरल्या असत्या तर असती. एक फेरी साडेचार किलोमीटरची व्हायची. पट्टीबाई चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण तिच्या दारावर "बंद" अशी पाटी आहे आणि ती पाटी लिफ्टपेक्षा चांगल्या स्थितीत आहे.

बैठकीत यांना बसता येणार नव्हते, कारण निर्णयात यांचा हितसंबंध होता. यांच्यासाठी खाली पॅसेजमध्ये, दुकानाच्या दाराशी स्टूल ठेवले गेले. अल्पोपाहार फक्त उपस्थित सदस्यांना. हितसंबंधी व्यक्तीने समितीचा केक खाल्ला तर समितीच्या निष्पक्षपणावर बोट ठेवले जाईल, असे विमा एजंटांनी निदर्शनास आणले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोंडे भरलेली होती.

आणि अंतिम निर्णय होईपर्यंत, ज्या पदार्थावर एकाही सदस्याची हरकत असेल तो पदार्थ वादग्रस्त समजून यांच्या ताटातून बाजूला ठेवायचा.

समितीने काम किती गांभीर्याने केले ते आकड्यांवरूनच कळेल. तेरा बैठका झाल्या. सदस्यांची उपस्थिती शंभर टक्के. चहा, साखरेसह, एकशे ब्याऐंशी कप. न चाखलेली वस्तू रोग्यापर्यंत जाऊ द्यायची नाही असे समितीने ठरवले होते, त्यामुळे सुचवलेला प्रत्येक आहार सदस्यांनी आधी स्वतःवर घेतला. असा त्याग हल्ली कोण करतो?

मामांचे म्हणणे होते की फळातली साखर ही साखर नसते, कारण ती झाडाने केलेली असते. त्यांनी केळी, द्राक्षे, खजूर आणि अंजीर यांचे नमुने सादर केले. समितीने ते दोन बैठका तपासले आणि साठा संपल्यामुळे निष्कर्ष राखून ठेवला. विमा एजंट मधाच्या बाजूचे होते. त्यांच्या मते मध शरीराला कळतच नाही. शरीराला खरोखर कळतो की नाही हे पाहण्यासाठी एक बरणी गेली. धाकट्या दिरांनी धान्य पूर्ण बंद करून लोणी, चीज आणि मांस सुचवले, आणि ते खाताना बाजूला पाव हवा अशी उपसूचना मांडली. जाऊबाईंनी साखरेशिवायचा केक केला. त्यात साखरेऐवजी खजूर, खजुराच्या जोडीला मनुका, मनुका कोरड्या लागू नयेत म्हणून मध. तो इतका एकमताने संमत झाला की पुढच्या नऊ बैठकांत तो फेरविचारासाठी पुन्हा ठेवावा लागला.

पट्टीबाईंचे मत सर्वांत सोपे होते. काय खाता याला महत्त्व नाही, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. सहावी बैठक संपूर्ण याच विषयावर झाली. प्रात्यक्षिकात वन्संचे मोजणे एकविसाला चुकले, धाकट्या दिरांचे सतराला, आणि प्रत्येक वेळी पट्टीबाईंनी नवा घास घेऊन पहिल्यापासून मोजायला लावले. मामांना बत्तीस दातांचीच अडचण होती. त्यांच्यासाठी प्रमाणशीर सवलत काढण्याची उपसमिती नेमून बैठक तहकूब झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानात दीड तास जमिनीवर होते. नर्सबाईंच्या घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून निसटून कागदाबाहेर गेला होता. खसखशीच्या दाण्याहून लहान. मी टॉर्च घेऊन गेले तर हे फरशीवर तळहात फिरवत होते, आंधळ्या माणसासारखे. स्क्रू मलाच दिसला, टेबलाच्या पायाशी. तो यांच्या हातात ठेवला तेव्हा हे म्हणाले, "पाटी उतरवून ठेवू का गं? लोक उगीच येतात."

मी म्हटले, अजून सात आठवडे आहेत. हे उठले, हात झटकले, आणि बत्तीस चावण्यांचे इतिवृत्त घेऊन चौथ्या मजल्याकडे निघाले. त्या संध्याकाळी मला दिवा लावायला बराच उशीर झाला.

मात्र समितीचे ऋण मी मानलेच पाहिजे. वादग्रस्त पदार्थांची यादी आठव्या आठवड्यापर्यंत सेहेचाळीसवर गेली. मामांनी लोण्यावर हरकत घेतली, धाकट्या दिरांनी फळांवर, वन्संनी मधावर, विमा एजंटांनी केकवर (केक यांच्यासाठी वादग्रस्त, समितीसाठी विचाराधीन). बिस्किटांवर सर्वांनीच हरकत घेतली आणि बिस्किटे खातच घेतली. कोणाचीही हरकत नसलेल्या गोष्टी उरल्या त्या अशा: डाळ, पालेभाजी, शेंगा, काकडी, अंडे, दही. या पदार्थांविरुद्ध बोलायला कोणालाच काही सुचले नाही, आणि बाजूनेही.

भातावर आणि पोळीवर तीन विरुद्ध तीन मते पडली. निर्णायक मत अध्यक्षांचे. थोरल्या दिरांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत निर्णायक मत कधी दिलेले नव्हते. त्यांनी दोन्ही पदार्थ निम्मे केले.

साखरेच्या चहाला स्थगिती मिळाली. पण रविवार हा सुट्टीचा दिवस, त्या दिवशी समितीचे आदेश लागू होत नाहीत, असे मी विचारल्यावर थोरल्या दिरांनीच स्पष्ट केले. दोन जेवणांच्या मध्ये हे कधी खाणार? त्या वेळी हे रस्त्यावर असत, नाहीतर स्टुलावर.

मी रोज सकाळी डब्यांचे कपाट उघडत होते, दाराच्या आतली चिठ्ठी वाचत होते, आणि त्याप्रमाणे वाढत होते. समितीच्या आदेशाशी तिचा एकाही दिवशी विरोध आला नाही. अंमलबजावणी करणाऱ्याला इतके स्पष्ट धोरण क्वचितच मिळते.

एकूण बावन्न फेऱ्या झाल्या. दोनशे चौतीस किलोमीटर. पट्टीबाईंच्या जिन्याच्या बहात्तर पायऱ्या धरून चढणे तीन हजार सातशे चव्वेचाळीस. दहाव्या आठवड्यात यांच्या पट्ट्याला एक नवे भोक पाडावे लागले. अकराव्या आठवड्यात हे दुकानातून वर आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "एकच आहे." मी विचारले, काय एकच आहे? "सेकंदकाटा." मग खाली गेले. मी पोळपाट तसाच ठेवून थोडा वेळ बसले.

तीन महिन्यांनी सरासरी सहा पूर्णांक आठ आली. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, कागद दोनदा पाहिला आणि विचारले, कोणता आहार निवडलात? यांनी कपाटाच्या दारावरून सोलून आणलेली माझी नक्कल खिशातून काढून दिली. त्यांनी चार ओळी वाचल्या. "चालायला कुठे जाता?" हे म्हणाले, "कागद पोहोचवायला." त्यांना ते समजले नाही, पण त्यांनी "चालू ठेवा" असे लिहून दिले.

तेराव्या बैठकीत समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव सर्वानुमते संमत केला. यश नेमके कोणत्या आहाराचे, यावर मतभेद झाले. शेवटी यश समितीच्या सर्वसमावेशक दृष्टिकोनाचे, असे इतिवृत्तात आले. सगळे इथेच थांबले असते. पण थोरले दीर मूळचे अभिलेखवाले. फाइल बंद करताना त्यांना वाटले, रोग्याच्या आकड्यांशेजारी निरोगी माणसांचे आकडे तुलनेसाठी जोडलेले असावेत. साखर मोजायचे यंत्र घरात होतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व सदस्यांना उपाशीपोटी बोलावण्यात आले. तेरा आठवड्यांत समिती प्रथमच उपाशीपोटी जमली होती.

सातांपैकी सहाजणांनी बोट पुढे केले. (विमा एजंटांनी व्यावसायिक कारणास्तव नकार दिला.) चौघांचे आकडे जिथे असू नयेत तिथे होते. पट्टीबाई एकशे बेचाळीस. मामांनी यंत्र बिघडले आहे असे म्हटले, म्हणून त्यांचे तीनदा पाहिले, आणि दर वेळी ते थोडे अधिक बिघडले. सर्वांत वर अध्यक्ष होते. एकशे अडुसष्ट. थोरल्या दिरांनी तो आकडा स्वतःच्या अक्षरात, सुवाच्य, योग्य त्या रकान्यात लिहिला. मग पेनाला टोपण लावले. जाऊबाईंनी केकचा डबा, जो त्यांनी चाचणीनंतरसाठी आणला होता, उघडलाच नाही.

चार दिवसांनी, दुपारी, थोरले दीर आमच्याकडे आले. मध्ये डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. हातात फाइल नव्हती. मी त्यांना फाइलीशिवाय पाहिले ते आमच्या लग्नात, आणि तेव्हाही ती सासऱ्यांनी काढून घेतली होती म्हणून. हे दुकानात नर्सबाईंच्या घड्याळावर वाकले होते. नर्सबाई समोर बाकावर बसल्या होत्या. थोरले दीर आत आले नाहीत. पॅसेजमधले स्टूल अजून तिथेच होते, त्यावर बसले.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी ती चिठ्ठी होती ना. ती दे जरा."

हे भिंगातून वर न बघता म्हणाले, "तुमच्याच फाइलीत आहे, दादा. आवक क्रमांक एक."

"तीच मला चालेल."

"दोष आहेत तिच्यात. दोन." यांचा चेहरा घड्याळात होता, त्यामुळे हसले की नाही हे मला सांगता येणार नाही. मग चिमटा खाली ठेवून यांनी एक कोरी पावती फाडली, उलटी केली, आणि पेनासकट बाहेर दिली. "आणि ती माझी आहे. तुम्हाला काय जमेल ते तुमचं तुम्ही लिहा."

थोरल्या दिरांनी पावती गुडघ्यावर धरली. वर लिहिले: "विषय". मग तो शब्द खोडला. छत्तीस वर्षांत हजारो कागदांवर त्यांनी दुसऱ्यांसाठी विषय लिहून दिला असेल. त्या दुपारी ते शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलासारखे पेनाचे टोक चावत होते. (बत्तीस वेळा नाही, पण बऱ्याच वेळा.)

शेवटी म्हणाले, "निम्मा भात जमेल. केकचं सांगता येत नाही." मग हळू, "आणि चालायला कुठे जाऊ रे मी? मला कोण पाठवणार?"

"पट्टीबाईंकडे," हे म्हणाले. "त्यांनाही खाली उतरवा."

एवढ्यात यांनी मागचे झाकण दाबले. टिक असा आवाज झाला आणि मग होतच राहिला. नर्सबाईंनी घड्याळ कानाला लावले, मनगटाला बांधले, आणि लगेच यांचा हात धरून नाडी मोजू लागल्या. पूर्ण एक मिनिट मोजली. "बरोबर चालतंय," म्हणाल्या. घड्याळाबद्दल म्हणाल्या की यांच्याबद्दल, ते विचारायचे राहिले, कारण त्या उठून स्टुलापर्यंत गेल्या होत्या आणि थोरल्या दिरांसमोर हात पुढे करून उभ्या होत्या. "द्या मनगट."

थोरल्या दिरांनी पोच न मागता मनगट दिले.

समिती औपचारिकपणे बरखास्त झालेली नाही. तिच्या सदस्यत्वासाठी अर्ज लागत नाही. यांच्या चिठ्ठीतल्या चार ओळी वाचताना ज्यांनी ज्यांनी मनात "पण" म्हटले असेल (रविवारच्या साखरेच्या चहाला, बहुधा) ते त्या क्षणापासून सदस्य आहेत. तुमचे मत नोंदवून घ्यायला आम्ही बांधील आहोत. ते लेखी द्यावे, स्वतः चालत आणून द्यावे, आणि सोबत आपली उपाशीपोटीची साखर जोडावी. याआधी अनेकांनी मते कळवली आहेत. साखर अजून एकानेही जोडलेली नाही.

तुम्ही ती शेवटची कधी तपासली होती ते आठवेपर्यंत बसायला पॅसेजमध्ये स्टूल ठेवले आहे. अल्पोपाहार मिळणार नाही.